डाव्या पायाचं गिऱ्हाईक

"उजवा मोजा द्या, काका," म्हणत धावपटू बाई स्टुलावर बसली आणि तिने पाय पुढे केला.

दुकानदाराने टेप घेतली. पोटरीचं माप आजवर त्याची बायको घ्यायची. घट्ट मोजा जरा सैल पडला तर उपयोग नाही, फार आवळला तर पायाला मुंग्या येतात.

तिला एकच पाय होता. डाव्या गुडघ्याखाली पळण्यासाठी बसवलेलं कृत्रिम वाकडं पातं. सगळा भार उजव्यावर, त्यामुळे पळून आल्यावर पोटरी दगड व्हायची. हा मोजा घालून झोपलं की सकाळी पाय हलका वाटायचा. पण मोजे जोडीनेच येत, डाव्या-उजव्याचा घाट वेगळा, वेष्टणही वेगळं. पहिल्यांदा आली तेव्हा तिने बजावलं होतं, कीव करून एकच विकणार असाल तर नको. बायको म्हणाली होती, कीव कसली? आमच्याकडचे एक मास्तर फक्त डावा नेतात, त्यांना उजवा पाय नाही. तेव्हापासून दोघांत एक जोडी.

"मास्तर येऊन गेले?" तिने विचारलं.

"येतील."

कोपऱ्यातल्या त्याच्या बायकोच्या शिलाई मशीनकडे पाहत ती म्हणाली, काकू गेल्याचं त्यांना कळलंही नसेल. शर्यत तोंडावर आहे म्हणून हा नेते. मास्तर येणार नसतील तर यापुढे मलाही नको.

डावा मोजा त्याने गल्ल्याशेजारी ठेवला. मास्तर आले नाहीत. त्याने स्वतः त्यांना कधी पाहिलं नव्हतं; तो माल आणायला गेला की ते येतात, असं बायको सांगायची. त्याने शेजारच्या चाव्यावाल्याला विचारलं, समोरच्या औषधवाल्याला विचारलं. कुबडी घेऊन येणारे मास्तर कोणी पाहिले नव्हते. नवल वाटलं. जेवताना बायको त्यांच्या किती गोष्टी सांगायची. महाचिडका माणूस, शिंकला की दुकान हादरतं. ऐकताना हसून त्याला ठसका लागायचा.

एक दिवस बटण तुटलं. सुई शोधायला त्याने मशीनचा खण ओढला. खण अडकला, त्याने हिसका दिला.

आत मोजे होते. सगळे डावे. एकाचंही वेष्टण फोडलेलं नव्हतं.

 मग गल्ल्याजवळचा मोजा आणून त्याने त्यांच्यावर ठेवला आणि खण लावून टाकला.

शर्यत झाल्यावर ती पदक दाखवायला आली. तिसरी आली होती. जुना मोजा सैल पडला, नवा हवा म्हणाली.

"मास्तर?"

"येऊन गेले ना. डावा घेऊन गेले."

"कसे आहेत?"

"तसेच, चिडके. शिंकले तर गल्ला हलला."

ती हसली नाही. मोजा पिशवीत टाकून दारापर्यंत गेली आणि वळली.

"बरं झालं, काका. मला वाटलं, ते काकूंबरोबरच गेले."