साखळीचे दोन वेढे

सकाळी पाहतात तर सहाच्या सहा एडके मेंढ्यांच्या कुरणात! मधलं फाटक सताड उघडं. आता ऐन थंडीत कोकरं होणार आणि निम्मी काकडून मरणार.

"बाबा, कसं हो विसरलात?" क्लाइव्हला त्याची लेक जोडी म्हणाली.

शेजारी उभ्या नवऱ्याकडे, ब्रेंटकडे, तिनं पाहिलंसुद्धा नाही. महिन्यापूर्वी तिनं असं विचारलं नसतं. महिन्यापूर्वी क्लाइव्हच्या मेंदूचा स्कॅन झाला नव्हता. मेलबर्नच्या डॉक्टरांना अभ्यासासाठी धडधाकट म्हातारे हवे होते. हा आपणहून गेला, कुणाच्या तरी उपयोगी पडू म्हणून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज तुम्हाला काही झालेलं नाही. सात-आठ वर्षांनी विसर पडू लागेल, कदाचित नाहीही." जोडी शेजारीच बसली होती. पहिलं वाक्य तिच्या कानात शिरलंच नाही.

"मी काल इकडे फिरकलोच नाही," क्लाइव्ह म्हणाला. "ब्रेंट आला होता, पाण्याची टाकी बघायला. अगं, पन्नास वर्षं मी फाटक जसं असेल तसंच ठेवून पुढे जातो. उघडं तर उघडं. बंद असेल तर बंद, वर साखळीचे दोन वेढे. तुलाही मीच शिकवलं ना?"

"हो बाबा, हो." लहान मुलाची समजूत काढावी तशी ती म्हणाली. "गाडीच्या चाव्या द्या बरं इकडे."

जावई बुटाच्या टोकानं माती उकरत होता. क्लाइव्हच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं चाव्या लेकीच्या हातावर आपटल्या. ती डोळे पुसत गाडी घेऊन घराकडे गेली.

धूळ खाली बसल्यावर ब्रेंट म्हणाला, "फाटक माझ्याकडूनच राहिलं, बाबा."

"ठाऊक आहे मला. आता तिला सांग."

"आज ना उद्या चाव्या द्यायच्याच होत्या की." ब्रेंटनं कुत्र्याला शीळ घातली. "नाहीतर तुम्हीच सांगून बघा."

दोघांनी मिळून एडके परत त्यांच्या कुरणात घातले. ब्रेंट टाकीकडे निघून गेला. क्लाइव्हनं फाटक ओढलं, साखळीचे दोन वेढे दिले, कडी अडकवली आणि पायीच घराची वाट धरली.

दहा पावलांवर तो थांबला. मागे फिरला आणि साखळीचे वेढे बोट लावून मोजले.