सात नंबर झोपत नाही

"आज सात नंबर झोपला नाही, तर उद्यापासून तुम्ही घरी," एवढं बोलून मॅनेजरबाई काचेच्या दारापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

कवयित्रीने फोन कानाला लावला.

झोपेची कंपनी होती ती. रात्रपाळी करून आलेल्या नर्सा, ड्रायव्हर, पहारेकरी दुपारी डोळा लागेना की इथे फोन लावत. ही त्यांना आपल्या कविता म्हणून दाखवी. गिऱ्हाइकाने बोलायचं नाही. जागं असेल तर फोनवर नखाने टकटक करायची. टकटक थांबली की हिने अलगद फोन ठेवायचा. समोरच्या फळ्यावर नुसते नंबर. नाव नाही, गाव नाही.

नोकरी तिने रागातच धरली होती. घरी तिने कविता वाचायला घेतली की तिसऱ्या ओळीला नवरा घोरायला लागे. लांबलचक घोरणं आणि शेवटी बारीक शीळ, दूरच्या वळणावर गाडी दिसेनाशी व्हावी तशी.

"अगं, मी बेकरीतला माणूस. मला पाव कळतो, काव्य नाही."

"मग झोपणाऱ्यांकडून पैसे तरी मिळवते," ती म्हणाली होती.

आणि खरंच मिळायला लागले. कवितेवर पोट भरत होतं, पण कविता कुणाच्या कानात शेवटपर्यंत पोचत नव्हती.

मग सात नंबर आला. तो झोपेचना. आवडल्या ओळीनंतर त्याची टकटक जरा उशिरा येई, जणू ओळ तोंडात घोळवून मग गिळतोय. तिला भाजी चिरताना पुन्हा ओळी सुचायला लागल्या. एकदा तर आमटी करपली. नवऱ्याने ती तशीच भातावर ओतून घेतली. त्याचे डोळे हल्ली लाल असत. "रात्रभर भट्टीची धग," म्हणे आणि ताटावरच पेंगे. ती कामाला निघाली की तो पडदे ओढून आडवा होई.

"झोप लागली नाही तरी पैसेही परत मागत नाही," मॅनेजरबाईंना संशय होता. "दुसऱ्या कंपनीचा माणूस दिसतोय. आपलं पितळ उघडं पाडणार."

आज तिने नवी कविता आणली होती, खास त्याच्यासाठी.

"दुपारी एक घर फिरायला निघालं. पायऱ्या उचलून घेतल्या, दार काखेत मारलं..."

टकटक. पुढे काय, असं विचारणारी.

काचेपलीकडून मॅनेजरबाई बघत होत्या. तिने कागदाची घडी घातली.

"घर कुठेच गेलं नाही," ती संथपणे म्हणाली. "घर घरापाशीच होतं. दार दारापाशीच होतं. पडदा हलत होता. पडदा हलत होता."

टकटक झाली, जराशी गोंधळलेली. हट्टाने जागं राहिलेलं पोर थोपटत निजवावं, तशी ती बोलत राहिली. पडदा हलत होता. भिंत भिंतीला टेकली होती. टकटक लांबत गेली. मग थांबली.

मॅनेजरबाईंनी समाधानाने मान डोलावली.

नोकरी राहिली. ऐकणारा गेला.

डोळे पुसून ती फोन ठेवणार, तोच पलीकडून घोरणं ऐकू आलं. लांबलचक, आणि शेवटी बारीक शीळ.