यादीतलं नाव

आमच्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पक्षाचा उमेदवार मतदारच मतदानानं ठरवतात, आणि त्यात दुसऱ्या पक्षाचा माणूसही मत देऊ शकतो. फक्त कोणी कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली, ते नंतर यादीत दिसतं. मार्लिस चौथीत माझी विद्यार्थिनी होती. यंदा समोरच्या पक्षाची उमेदवारी तिची एका मतानं हुकली. आज ती पीचच्या मुरंब्याची बरणी घेऊन दारात आली.

"टॅली सर, यादीत तुमचं नाव पाहिलं! जन्मात पहिल्यांदा आमची मतपत्रिका घेतलीत. सर पक्ष नाही, माणूस बघतात, हे मी घरी सांगतच होते."

"मार्लिस, अगं, ऐक..."

"पुरे हो सर, किती तो संकोच!"

बरणी मी दोन्ही हातांनी घेतली. मार्लिस उभी राहिली असती, तर नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत आमच्या पक्षाचा उमेदवार पडला असता. म्हणून मी त्या मतपत्रिकेवर तिच्या पक्षातला सगळ्यांत नालायक माणूस निवडला होता.