पहिल्या पसंतीचा हक्क

"एका वर्षाचा नाही, दोन वर्षांचा हक्क लागेल," धुळ्याच्या संघाचे कौतिकआबा म्हणाले.

पारसशेठांनी मयुरीकडे पाहिलं. जळगावचा मुलींचा फुटबॉल संघ शेठांचा होता, पण खेळातलं सगळं मयुरीच्या हातात. लीगमध्ये संघ शेवटचा आला होता. त्यामुळे पुढच्या निवडीत नव्या मुलींमधून पहिली पसंती त्यांचीच होती. तो हक्क धुळ्याला देऊन त्या बदल्यात धुळ्याची सारिका घ्यायची, असं मयुरीने ठरवलं होतं. सारिका शिंदखेड्याची, चौतिशीतली गोलकीपर. गेल्या हंगामात तिच्यावर सर्वांत कमी गोल झाले होते.

"चौतिशीतल्या बाईसाठी दोन वर्षं?" शेठ म्हणाले.

"तुम्ही माझा बठ्ठा, सगळाच्या सगळा बचाव घेऊन चालले, शेठ. तेवढं तर द्यावं लागेल."

मयुरीने होकार दिला. निघताना कौतिकआबा तिला फाटकापर्यंत सोडायला आले. सारिका गोलात ओरडते, तिला ओरडू द्या, एवढंच त्यांनी सांगितलं. गोलकीपरने ओरडायलाच हवं, असं म्हणून मयुरी गाडीत बसली.

सारिका शांत बाई होती. वसतिगृहात कमी बोलायची, जेवण झालं की ताट धुऊन खोलीत जायची. बसमध्ये खिडकीची जागा मोकळी सोडून कडेला बसायची. मैदानावर मात्र तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. "नूतन, मांगे ये! नूतन, डावीकडे!"

संघात नूतन नावाची कोणीच नव्हती.

मुली आधी हसल्या. जुन्या सवयीने जुन्या मैत्रिणीचं नाव तोंडात येत असेल, असं मयुरीलाही वाटलं. पहिले काही सामने संघाने एकही गोल न खाता जिंकले आणि पारसशेठ स्वतः पेढे घेऊन मैदानावर आले.

मग भुसावळशी सामना झाला. त्यांची फॉरवर्ड मेघा चेंडू घेऊन एकटीच सुटली. समोर फक्त सारिका. "नूतन, आडवी हो!" सारिका ओरडली. मेघा धावता धावता कुणाचा तरी खांदा लागावा तशी एका बाजूला फेकली गेली. चेंडू सावकाश बाहेर गेला. मेघा उठून पंचांकडे गेली, मला ढकललं म्हणाली. पंचांनी आजूबाजूला पाहिलं. तिच्या जवळपास कोणीच नव्हतं.

सामना संपल्यावर मेघा मयुरीला भेटायला आली. ती आधी धुळ्याकडून खेळलेली.

"ताई, सारिकाताई कोणाला हाका मारतात?"

"असेल कोणीतरी जुनी मैत्रीण."

"नूतनताई आमच्या डिफेंडर होत्या. दोघी बरोबरच खेळायच्या. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेल्या त्या."

मयुरीने हे कोणालाच सांगितलं नाही, तरी वसतिगृहात गोष्ट पसरली. दोन मुली बॅगा भरून बसल्या. एकीने सांगितलं, सराव करताना तिच्या मानेला मागून कुणाचा तरी श्वास लागतो. मयुरीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिला सारिकाचं वाईट वाटलं. मैत्रीण गेल्याचं दुःख बाईने कुणापाशीच मोकळं केलं नसणार.

संध्याकाळी सराव संपल्यावर तिने सारिकाला थांबवून घेतलं. मुली घाबरल्यात, शिवाय असं धरून ठेवणं तुझ्यासाठीही बरं नाही, असं तिने समजावलं. गेलेल्या माणसाला जाऊ द्यावं.

सारिकाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी नाही सांगणार तिला. माझ्याच्याने होणार नाही. तुम्हीच सांगा."

मयुरीला कसंतरीच वाटलं. तरी सारिकाच्या समाधानासाठी ती गोलसमोर जाऊन उभी राहिली आणि रिकाम्या मैदानाकडे बघत म्हणाली, "नूतन, खूप खेळलीस. आता जा. आराम कर."

काहीच झालं नाही. सारिकाने हातमोजे काढले आणि ती गोलखांबाला टेकून कितीतरी वेळ रडत बसली. आता हिचं मन मोकळं होईल, असं मयुरीला वाटलं.

पुढचा सामना चाळीसगावशी होता. जळगावने पाच गोल खाल्ले. सारिका उशिरा झेप घेत होती, सोपे चेंडू तिच्या हातातून निसटत होते. पूर्ण वेळ तिने तोंडातून शब्द काढला नाही. त्यानंतरचा सामनाही तसाच गेला. पारसशेठांनी मयुरीला आपल्या दुकानात बोलावून घेतलं. दोन वर्षांच्या निवडीतल्या चांगल्या मुली तू धुळ्याला देऊन टाकल्यास, ते आवाज न चढवता म्हणाले, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुकानातून बाहेर पडताच तिने कौतिकआबांना फोन लावला. गोलकीपर थकली होती हे तुम्हाला माहीत होतं, तुम्ही आम्हाला फसवलं, असं ती स्पष्ट बोलली.

कौतिकआबांनी सगळं ऐकून घेतलं. "ओरडते का ती अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही. मुली घाबरायच्या. मीच नूतनला जा म्हणून सांगितलं."



"ताई, सारिका तर साधी गोलकीपर शे," कौतिकआबा हळू आवाजात म्हणाले. "हाक मारायला कोणीतरी लागतं, म्हणून ती सोबत दिली. दोन वर्षांचा हक्क मी नूतनच्या बदल्यात घेतला होता."