निळ्या चौकड्यांचा शर्ट

लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी रजा टाकली आणि सकाळपासून मनोरंजन उद्यानातल्या सगळ्या पाळण्यांत बसून घेतलं. दुपारी उंच चक्राच्या रांगेत उभे असताना भोंग्यातून बाईचा आवाज आला. "निळ्या चौकड्यांचा शर्ट घातलेल्या बाबांनी चौकशीच्या खिडकीपाशी यावं. तुमची मुलगी वाट बघते आहे."

नवऱ्याने स्वतःच्या शर्टाकडे बघितलं आणि तो हसला. "घे, पोरगी झाली आपल्याला!"

तीही हसली. त्यांना मूलबाळ नव्हतं.

थोड्या वेळाने भोंगा पुन्हा बोलला. "चक्राच्या रांगेतले, दोन्ही हातांत आइस्क्रीम धरलेले बाबा, लवकर या. ती रडते आहे."

आइस्क्रीम त्याच्या बोटांवरून ओघळत होतं. आता मात्र तो हसला नाही.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "आपला नंबर आलाच."

"मुळीच नाही. कुणीतरी आपली थट्टा मांडलीय. तोंडावर सांगूनच येऊ." तिने त्याचं मनगट धरलं आणि गर्दीतून त्याला ओढत नेलं.

खिडकीशेजारच्या बाकावर एक लहान मुलगी बसली होती. तिच्याकडे न बघताच बायकोने आतल्या बाईला ठणकावलं, "ही आमची नाही."

मागून नवऱ्याचा वैतागलेला, मायेचा आवाज आला. "हात सोडायचा नाही म्हणून किती वेळा सांगितलं होतं, चिऊ?"

ती गर्रकन वळली. मुलगी त्याच्या कडेवर बसून आइस्क्रीम खात होती.

"बाबा, ह्या काकू कोण?"

नवऱ्याने मान वर केली आणि तो अदबीने जरासा बाजूला सरकला.

"माफ करा," तो म्हणाला, "तुमचंही कुणी हरवलंय का?"