निळी फुलं

द्रौपदा विहिरीवर पाणी शेंदायला गेली आणि दोर हातात धरून तशीच उभी राहिली. पावसाळ्यात काठाला लावलेल्या मोगली एरंडाच्या कुंपणाला पहिली फुलं आली होती. फुलं निळी होती.

प्रयोगशाळेत घडवलेलं ते बियाणं गावोगाव वाटताना कृषी खात्यातल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, "पिवळसर फूल आलं तर पाणी चांगलं. निळं आलं तर पाण्यात शिसं आहे, थेंबभरही पिऊ नका."

ओढ्यापलीकडे जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायची भट्टी होती. ती बंद पडून दहा वर्षं झाली होती. द्रौपदाच्या चार वर्षांच्या लेकीला, चिमीला जाऊन दोन. पोटात कळा येत, पोर वाळत गेली, शेवटी तर बोलायचीही थांबली. कुणी म्हणालं नजर लागली, सासू म्हणाली आईचं दूधच बाधलं.

तिचा नवरा ज्ञानोबा मागून आला. फुलं पाहून त्याचा चेहरा उतरला.

"तोडून टाकतो," तो हलकेच म्हणाला. "आता कळून काय उपयोग?"

"हात लावू नका. शेवंताची पोरं हेच पाणी पितात."

ती तडक शेजारी गेली. शेवंता चुलीवर पातेलं ठेवत होती.

"शेवंता, आमच्या विहिरीचं पाणी ओतून दे. त्यात शिसं आहे."

"अगं बाई! मग उकळून घेते ना."

"नको गं," द्रौपदा उंबऱ्यावरच खाली बसली. "मी चिमीला उकळूनच पाजत होते."