दादाचं उत्तर

“डिस्क गेली, काकू. जळालीच समजा,” दुरुस्तीवाला म्हणाला. “नवी बसवलीय. पण आतलं जुनं काही उरलं नाही.”

“आणि माझा मेल?”

“मेल कुठे जात नाही, तो कंपनीकडे असतो. पासवर्ड सांगा, आत्ता उघडतो.”

“मला काय ठाऊक पासवर्ड! तो कॉम्प्युटरच आपला आपण टाकायचा.”

शेजारच्या स्टुलावरून काकूंचे यजमान पुढे सरकले. शिंपीकाकांची हयात सुईत दोरा ओवण्यात गेली होती, पण आज त्यांना धीर धरवत नव्हता. “साठवलेले पासवर्ड त्या डिस्कवरच होते ना? सगळे? एखादा तरी निघेल?”

“एकही नाही, काका.”

काकांचा चेहरा उतरला.

काकूंना घोर होता दादाचा. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून त्यांचा हा भाऊ जो रुसला, तो केस पिकले तरी बोलला नाही. मग दोन हिवाळ्यांपूर्वी अचानक त्याचा मेल आला. फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला तर मला रडू येईल, असं त्याने पहिल्याच पत्रात बजावलं होतं. तेव्हापासून दर रविवारी पत्र. त्यात लहानपणच्या खोड्या असायच्या. काकूंनी घरात हजारदा सांगितलेल्याच, पण त्याच्याकडून आल्या की नव्या वाटायच्या. एका बोटाने उत्तर लिहून काकू आठवडाभर मोहरून असायच्या.

“त्याला वाटेल, आता मीच रुसले,” त्या म्हणाल्या. “नाकावर राग घेऊन जन्मलाय. पुन्हा तुटलं तर या जन्मी जुळायचं नाही.”

“नाही तुटत गं. मी हमी देतो.”

“तुम्ही कसली हमी देता? तुमचं त्याच्याशी कधी पटलंय?”

दुरुस्तीवाल्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. “पासवर्ड विसरलात तर एक प्रश्न विचारतात. लहानपणी घरात तुम्हाला काय म्हणायचे?”

“चिमणी,” काका ताबडतोब म्हणाले. “सासूबाई हेच म्हणायच्या.”

चूक.

“बाळी?”

चूक.

“आता एकदाच, काका. मग दिवसभर कुलूप.”

काकू लाल झाल्या. “अहो, तुम्ही जरा बाहेर जा.”

“का?”

“जा म्हणते ना!”

काका दारापर्यंत गेले, कान मात्र आतच ठेवून. काकू वाकून काहीतरी पुटपुटल्या. दुरुस्तीवाल्याने ओठ आवळले, पण हसू फुटलंच. “ढमी?”

“हळू बोल, मेल्या!”

“ढमी!” काका दारातूनच ओरडले. “लग्नाला एवढी वर्षं झाली आणि आज कळतंय मला!”

“दादाने ठेवलेलं नाव. त्याच्याशिवाय कुणाची हाक मारायची छाती नव्हती.”

खातं उघडलं. दुरुस्तीवाल्याने टाळी दिली. काकूंनी कुस्ती मारल्यासारखे दोन्ही हात वर केले. “जिंकले! आणि हे बघा, दादाचं पत्रही आलंय. परवाचं!”

“दादाचं? नीट बघ.”

“नाव वाचता येतं मला. पत्ता तेवढा नवा घेतलेला दिसतोय. ऐका. ‘तुझं कार्ड मिळालं. वाचून दारातच खाली बसलो. पहिलं पाऊल तू उचललंस, माझ्याच्याने होत नव्हतं. रविवारी येतोय.’”

“कसलं कार्ड?”

“मेल बंद पडला म्हणून मीच टाकलं, त्याच्या घरच्या पत्त्यावर. लिहिलं, यंत्र बिघडलंय, रुसू नकोस. विसरभोळा आहे म्हणून खाली माझा मेलचा पत्ताही घातला.” काकू डोळे पुसता पुसता हसत होत्या. “पहिलं पाऊल म्हणे! अहो, असे बघत काय बसलात? येतोय तो!”

शिंपीकाका पुन्हा पुन्हा त्याच चार ओळी वाचत होते. दोन हिवाळे दादाच्या नावाने आलेलं प्रत्येक पत्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं. हे तेवढं त्यांनी लिहिलेलं नव्हतं.